परदेशातले सेवाशिबिर: काम उपयोगी पडावे आणि मैत्री टिकावी म्हणून

सेतुबंध

परदेशात दोन-तीन आठवडे जाऊन तिथल्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचे, अशा शिबिरांबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरे वेगवेगळ्या धाग्यांत विखुरतात. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा काढतो आहे. बांधकाम, आरोग्य, व्हिसा, भाषा यांतले जाणकार इथे आहेत, त्यांनी आपापली भर घालावी ही विनंती. सुरुवात निवडीपासून करतो.

या प्रकाराची मुळे पहिल्या महायुद्धानंतरची आहेत. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात आंतरराष्ट्रीय शिबिर भरवले. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांतली माणसे, जर्मनांसकट, तिथे घरे उभारायला आणि जमीन साफ करायला आली. काही महिन्यांतच ते आवरते घ्यावे लागले, कारण जर्मन हात आपल्या गावाला लागावेत हे स्थानिकांना नको होते. हेतू निर्मळ होता, पण ज्यांचे गाव त्यांची तयारी नव्हती. याच खटाटोपातून पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना वाढली, आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल तिथे पुनर्वसनाच्या कामालाही गेले. शंभर वर्षांनंतरही पहिला प्रश्न तोच आहे: हे काम मागितले कोणी?

निवड करताना संस्थेच्या पानावरचे फोटो बाजूला ठेवा आणि इन्फो शीट, म्हणजे त्या शिबिराचे माहितीपत्रक, मागवा. त्यात रोजचे कामाचे तास (बहुतेक वर्ककॅम्पमध्ये, म्हणजे अशा सेवाशिबिरांत, आठवड्याला ३० ते ३५), राहण्याची सोय, गटाची संख्या, स्थानिक भागीदार कोण आणि मागच्या वर्षीचे काम कुठवर आले, हे सगळे असायला हवे. शेवटचा मुद्दा गाळलेला असेल तर खोदून विचारा. तीच भिंत दरवर्षी नव्या तुकडीकडून रंगवून घेणारी ठिकाणे असतात. "मागच्या तीन तुकड्यांनी नेमके काय केले?" एवढे विचारले की ती लगेच ओळखू येतात.

आणखी दोन प्रश्न कळीचे आहेत. एक, आम्ही भरलेल्या शुल्कातून स्थानिक कारागिरांना मजुरी मिळते का? गावात गवंडी रिकामे बसलेले असताना पाहुण्यांनी फुकट विटा रचल्या तर ती सेवा त्यांच्या पोटावर येते. दुसरा, आम्ही आलो नाही तर हे काम होईल का? "होईल, पण थोडे उशिरा" हे सर्वांत निरोगी उत्तर. "तुमच्याशिवाय अडून बसेल" असे कुणी म्हणत असेल तर तिथे काम चालवणारे स्थानिक कुणी नाही असे समजा.

आता मैत्रीबद्दल. वेगवेगळ्या गटांतली माणसे नुसती एकत्र आली म्हणून त्यांच्यातली अढी कमी होत नाही, हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले. त्यांनी चार अटी सांगितल्या: त्या प्रसंगात दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते एकमेकांच्या मदतीनेच गाठायचे असावे, आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. शिबिराची आखणी या चार अटींना धरून करता येते. पाहुणा देणारा आणि गावकरी घेणारा असे ठरले की पहिलीच अट मोडते. पुढची बहुतेक गडबड तिथूनच सुरू होते.

ओळंबा

धागा उत्तम. बांधकामाच्या शिबिरांबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आणि दर्जाची समानताही तिथेच सहज साधता येते.

गवंडी हा उस्ताद आणि स्वयंसेवक हा हाताखालचा, हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाका. पाहुणा घरी डॉक्टर असो की वकील, थापी हातात आली की तो शिकाऊ. एका गवंड्यामागे दोन, फार तर तीन स्वयंसेवक. चौथा आला की उभा राहतो, आणि उभी राहिलेली माणसे मोबाइल काढतात.

जोड्या किमान तीन दिवस बदलू नका. सगळ्यांची सगळ्यांशी ओळख व्हावी म्हणून कॅम्प लीडर रोज जोड्या बदलतात. त्यात नावापलीकडे ओळख जात नाही. पहिला दिवस हातवारे करण्यात जातो, दुसऱ्या दिवशी कोण किती उचलू शकतो हे कळते, तिसऱ्या दिवशी घमेले मागावे लागत नाही, ते आपोआप पुढे येते. गप्पा त्यानंतर सुरू होतात.

आता माल, म्हणजे कालवलेले मिश्रण. भिंतीच्या मालाला १ भाग सिमेंट आणि ६ भाग वाळू, साध्या आरसीसीला (सळ्या घातलेल्या काँक्रीटला) सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३. फावड्याने मोजू नका, दहा जणांची फावडी दहा मापांची भरतात. लाकडी फरमा, म्हणजे मापाची पेटी, करा, आतून ४० × ३५ × २५ सेंमी. त्यात ३५ लिटर बसते आणि ५० किलो सिमेंटच्या पोत्याचे आकारमान तेवढेच धरतात. इथे परदेशात एक हमखास चूक होते: अनेक देशांत पोते ५० किलोचे नसते, २५ किंवा ४० किलोचे असते. आपल्या सवयीने "एका पोत्याला इतके फरमे" धरले की मिश्रण अशक्त होते. पोत्यावरचे वजन वाचूनच हिशेब मांडा. काँक्रीटला ५० किलो सिमेंटमागे पाणी २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. ढवळायला सोपे जावे म्हणून नवखे लोक पाणी वाढवत राहतात आणि ताकद तिथेच जाते. पाणी ओतायचे काम एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस स्थानिक असू द्या.

भाजलेल्या विटा आधी भिजवून घ्याव्या लागतात, नाहीतर त्या मालातले पाणी शोषून घेतात. काँक्रीटचे ब्लॉक मात्र भिजवू नका, वरवर शिंपडणे पुरे. भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि सांध्यात चिरा पडतात. सांधा १० मिमी. कोपरे आधी उस्तादाने उचलायचे, मग दोरी ताणून मधले थर स्वयंसेवकांनी भरायचे. दर तीन-चार थरांनी ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून भिंत सरळ उभी आहे का ते बघायचे. ही पाहणी पाहुण्यांसमोरच व्हावी. वाकडा थर पाहुणे झोपायला गेल्यावर गुपचूप उतरवून पुन्हा बांधला जातो, आणि ते पाहुण्यांना कधी कळतही नाही. चूक तोंडावर सांगितली आणि दोघांनी मिळून थर उतरवला की दोघांतले संबंध एका पायरीने वर जातात.

एका दिवसात भिंत दीड मीटरहून उंच नेऊ नका. माल तासाभरात संपेल एवढाच कालवा, आणि घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घालून तो वापरू नका.

ओल्या सिमेंटची अल्कता फार तीव्र असते. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघा टेकून बसले तर त्या वेळी काही जाणवत नाही, संध्याकाळपर्यंत कातडी जळलेली असते. सुती हातमोजे उपयोगाचे नाहीत, रबराचे हवेत. अंगाला लागले तर भिजलेला कपडा काढून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली २० मिनिटे धुवा.

मृदगंध

ओळंबा, तीन दिवस जोडी न बदलण्याचा मुद्दा लगेच पटला. एक व्यावहारिक शंका: अशा शिबिराला पर्यटक व्हिसावर गेले तर चालते का? काही संस्था "विमानतळावर फिरायला आलो आहोत असे सांगा" म्हणतात.

शिक्का

असे सांगणाऱ्या संस्थेबरोबर जाऊ नका. खोटे कारण सांगून प्रवेश केला तर परत पाठवणे, पुढच्या व्हिसावर काट आणि बऱ्याच देशांत प्रवेशबंदी, हे सगळे तुमच्या पासपोर्टवर येते. संस्थेचे काहीच बिघडत नाही.

बिनपगारी आहे म्हणजे ते काम धरत नाहीत, हा मोठा गैरसमज. देशागणिक नियम वेगळे. ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, पण भेटीचा मुख्य हेतू दुसरा असावा लागतो. अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी बी-१ व्हिसाची तरतूद आहे, पण मानधन घेता येत नाही. काही देशांत स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. यजमान संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात तारखा, कामाचे स्वरूप, राहण्याचा पत्ता आणि "कोणताही मोबदला दिला जाणार नाही" हे वाक्य हवे. मग ते पत्र त्या देशाच्या दूतावासाला पाठवून कोणता व्हिसा लागेल ते लेखी विचारा. तोंडी उत्तर विमानतळावर कामी येत नाही.

मुलांबरोबर काम असेल तर पोलीस पडताळणीचा दाखला लागतो. त्यावर अपोस्टिलही, म्हणजे तो दाखला परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, मागतात. दोन्हीला मिळून काही आठवडे जातात, म्हणून तिकिटाआधी हे काम हाती घ्या. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असू द्या.

औषधपेटी

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी प्रवास-वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना भेटा. एवढा वेळ का, तर लसींमध्ये अंतर ठेवावे लागते. पीतज्वराची लस प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी हवी, प्रमाणपत्र तेव्हापासूनच वैध ठरते. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, लसीकरणाच्या जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. धनुर्वाताच्या बूस्टरला दहा वर्षे झाली असतील तर घ्या, खिळे आणि पत्रे हाताळायचे असतात. हिपॅटायटिस ए चा पहिला डोस जाण्याआधी, दुसरा साधारण सहा महिन्यांनी.

रेबीजबद्दल नीट वाचा. आधी घ्यायच्या लसीचे दोन डोस असतात, पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी. पण त्या घेतल्या म्हणून चावा दुर्लक्षित करायचा नसतो. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच. आधीच्या लसीचा फायदा असा की जखमेत द्यावे लागणारे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) मग लागत नाही, आणि दुर्गम भागात मिळत नाही ते नेमके तेच.

मलेरियाच्या गोळ्या ज्या त्या भागानुसार डॉक्टरच ठरवतात. गोंधळ होतो तो परतल्यावर. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन ४ आठवडे चालू ठेवायच्या असतात. घर आले म्हणून लोक थांबवतात. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचा देश पहिल्या वाक्यात सांगा.

जुलाबाला ओआरएसची पाकिटे न्या. संपली तर १ लिटर सुरक्षित पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चवीवर न जाता मोजूनच घाला.

विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत अंगमेहनतीचे काम किंवा ठरावीक उंचीवरचे काम वगळलेले असते. म्हणजे शिडीवरून पडलात तर दावा नामंजूर. "शारीरिक स्वयंसेवा" आणि "वैद्यकीय स्थलांतर" (रुग्णाला उपचारासाठी दुसरीकडे हलवणे) हे दोन्ही लेखी मान्य करून घ्या. आणि अंगात ताप असेल तर कामावर जाऊ नका. तुम्ही परत जाल, आजार तिथे राहील.

दुभाषी

मैत्रीचे सगळे गाडे भाषेवर अडते असे समजतात, पण साठ-सत्तर शब्दांत दोन आठवडे छान निभतात, शब्द योग्य निवडले तर. प्रवासी पुस्तिकांत उपाहारगृहाचे आणि खरेदीचे शब्द असतात, ते इथे कुचकामी. आधी "थांबा" शिका, कारण वरून वीट घसरली तर तोच लागतो. मग "जड", "सावकाश", "पुन्हा दाखवा", "अजून", "पुरे", एक ते वीस आकडे, आणि हातात येणाऱ्या प्रत्येक हत्याराचे नाव. ही नावे पुस्तकातून न शिकता जोडीदाराकडून शिका आणि त्याला तुमच्या भाषेतली शिकवा. त्याला शिकवण्यासारखे काही आहे आणि तुम्हाला त्याची गरज आहे, ही गोष्ट पहिल्याच तासात दोघांना कळते.

नावांवर वेळ घालवा. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपले नाव तीनदा सावकाश म्हणायचे आणि बाकीच्यांनी ते आपल्या लिपीत, जसे ऐकू येते तसे लिहून घ्यायचे. देवनागरीचा इथे मोठा फायदा होतो, बहुतेक उच्चार जवळपास उतरवता येतात. मग लिहिलेले वाचून दाखवायचे आणि नावाच्या मालकाने दुरुस्त करायचे. वीस जणांना पाऊण तास लागतो. "कठीण आहे, सोपे काहीतरी सांग" असे म्हणून समोरच्याचे नाव छाटू नका. त्याने स्वतःहून टोपणनाव दिले तर गोष्ट वेगळी.

दुभाष्यामार्फत बोलताना एका वेळी दोन वाक्ये, मग थांबा. नजर समोरच्या माणसाकडे ठेवा, दुभाष्याकडे नाही. "त्यांना विचारा की" असे न म्हणता थेट "तुम्हाला काय वाटते" असे विचारा. दुप्पट वेळ धरूनच बैठक लावा. गावातल्या शाळकरी मुलाला दुभाषी करू नका, मोठ्यांचे वाद आणि पैशांची बोलणी त्याच्या तोंडून होणे बरे नाही.

"समजले का?" हा प्रश्न विचारूच नये. जवळपास सगळीकडे त्याचे उत्तर "हो" येते, पाहुण्याला नाही म्हणणे अवघड असते. त्याऐवजी "आता पुढे काय करायचे ते मला सांगा" म्हणा. हेच उलटही लागू: तुम्हाला सांगितलेले काम तुम्ही आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा.

रानजाई

शिबिरात अनाथाश्रमाला भेट किंवा मुलांना आठवडाभर शिकवणे असे पर्याय असतात. मुलांशी लवकर गट्टी जमते म्हणून ते लोकप्रिय आहेत. त्याबद्दल कुणी लिहील का?

अंगण

लिहिते, कारण याबाबत हयगय नको. अनाथाश्रमात राहणाऱ्या मुलांतल्या फार मोठ्या भागाचे आईवडील, निदान एक पालक, हयात असतात. पाहुणे येतात, देणग्या येतात, मग मुले लागतात, आणि गरीब घरांतून ती "शिक्षणासाठी" म्हणून आणली जातात. कंबोडिया आणि नेपाळमध्ये हा प्रकार चांगलाच उघडकीला आला. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने अशा आश्रमांसाठी होणारा मुलांचा व्यापार गुलामगिरीच्या कक्षेत धरला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या बालहक्क ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली.

आणि आश्रम प्रामाणिक असला तरी दर पंधरवड्याला नवा माणूस येतो, जीव लावतो आणि जातो. लहान मुलाच्या बाजूने पाहिले तर तो दर पंधरवड्याला होणारा वियोग आहे. अनोळखी माणसाच्या अंगावर पटकन झेपावणारे मूल प्रेमळ म्हणून आपल्याला आवडते. अनेकदा ती तुटलेल्या आधाराची खूण असते. अशा ठिकाणी अल्पकाळासाठी जाऊ नये, एवढे सरळ सांगते.

शाळेत जायचेच असेल तर वर्गातल्या शिक्षकांना मदत करा: साहित्य तयार करणे, त्यांच्याबरोबर भाषेचा सराव, संगणक दुरुस्ती. वर्ग शिक्षकांच्याच हाती राहू द्या. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहायचे नाही, मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, शाळेचे नाव किंवा फलक दिसेल असे तर अजिबात नाही. संस्थेकडे बालसुरक्षेचे लेखी धोरण आहे का ते मागून वाचा. "आमच्याकडे सगळे विश्वासातले आहेत" हे धोरण नव्हे.

रानजाई

धन्यवाद अंगण. तो पर्याय यादीतून काढला.

उंबरठा

थोडा विरोधी सूर लावतो. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. तो आक्षेप आजही खोडता येत नाही. वीस जणांच्या विमान तिकिटांच्या पैशांत गावातल्या गवंड्यांना कित्येक महिन्यांची मजुरी देता येईल. मग पैसेच का पाठवू नयेत?

सेतुबंध

उंबरठा, भिंत हेच उद्दिष्ट असेल तर पैसेच पाठवावेत. यात वाद नाही, आणि हे शिबिराच्या पत्रकातही लिहिलेले असावे असे माझे ठाम मत आहे. भिंत आपण बांधून देतो आहोत असा आव आणला की गवंड्याचा अपमान होतो आणि पाहुण्याचा भ्रम वाढतो.

माणसाने प्रत्यक्ष जावे ते पैशाने न होणाऱ्या गोष्टीसाठी: दोन ठिकाणच्या माणसांनी एकमेकांच्या हाताखाली काम केलेले असणे. इलिच "शिकायला या" म्हणाले, तर शिकायलाच जा, फक्त शिकताना हात मोकळे ठेवू नका. म्हणूनच मी शुल्कातला मजुरीचा भाग विचारायला सांगितले. पैसेही जावेत आणि माणूसही जावा. जिथे पैसे जातच नाहीत आणि फक्त फोटो येतात, तिथे इलिच यांचा आक्षेप शब्दशः लागू आहे.

आणखी एक. ज्याला खरोखर कौशल्य द्यायचे आहे त्याने लांब मुदतीकडे वळावे. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक कार्यक्रमात, तो फक्त त्यांच्या नागरिकांसाठी आहे, साधारण तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षे काम असा २७ महिन्यांचा हिशेब असतो. त्यातले पहिले तीन महिने बहुतेक भाषेत जातात, यावरून दोन आठवड्यांत किती अपेक्षा ठेवावी ते उमगेल.

उंबरठा

हे पत्रकात लिहिले जात असेल तर माझा आक्षेप बराचसा मिटतो.

चौथा दिवस

माझे इथले नाव "चौथा दिवस" ज्यावरून घेतले आहे त्याच विषयावर लिहितो. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये परक्या संस्कृतीत गेल्यावर येणाऱ्या धक्क्याचे टप्पे मांडले: आधी हरखून जाणे, मग चिडचिड, मग हळूहळू सावरणे, शेवटी रुळणे. लांबच्या मुक्कामात याला महिने लागतात. पंधरा दिवसांच्या शिबिरात सगळे रुळत नाहीतच, पण चिडचिड मात्र हमखास येते, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. झोप अपुरी, अंग दुखते, पोट बिघडलेले, आणि दिवसभर परक्या भाषेत डोके शिणलेले. याच दिवसांत गट भाषेप्रमाणे फुटतो. एकाच देशाचे लोक संध्याकाळी एका कोपऱ्यात बसतात, यजमान दुसऱ्या कोपऱ्यात, आणि "इथे काही नीट होतच नाही" ही तक्रार सुरू होते.

ते अटळ धरून आखणी करावी. चौथ्या दिवशी दुपारनंतर काम ठेवू नका. स्वयंपाक आणि भांडी यांच्या पाळ्या मिश्र लावा, एक यजमान आणि एक पाहुणा, कारण चुलीपाशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. संध्याकाळची बैठक अर्ध्या तासाची, गोल बसून, आणि बोलायची सुरुवात रोज यजमानांपैकी कुणी करायची. ज्याला शिबिराची सामायिक भाषा सफाईने येते तो सगळ्यांत शेवटी बोलेल. एवढा एक नियम पाळला तर गप्प बसणारी निम्मी माणसे बोलू लागतात.

एकाच देशातून दोघांपेक्षा जास्त येऊ नयेत, हा कित्येक वर्ककॅम्पचा नियम याच कारणासाठी असतो. मित्रमंडळींचा मोठा घोळका घेऊन जाणार असाल तर तुम्ही आपल्याच मित्रांबरोबर राहून परत याल.

मृदगंध

ओळख झाल्यावर समोरच्याने पैसे मागितले तर? किंवा आपल्यालाच द्यावेसे वाटले तर? हे कुणी उघडपणे बोलत नाही.

सेतुबंध

बोलायलाच हवे. शिबिरानंतर संबंध तुटण्याचे हे मोठे कारण आहे. वैयक्तिक रोख रक्कम कुणालाही द्यायची नाही आणि भेटवस्तू गटातर्फे यजमान संस्थेमार्फत द्यायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एका घराला फोन मिळाला आणि शेजारच्याला नाही, तर तुम्ही गेल्यावर त्या दोन घरांत जे होते ते तुम्हाला कधी दिसत नाही. मागणी आलीच तर संकोचाने टाळाटाळ करू नका आणि रागावूही नका. "आम्ही सगळ्यांनी संस्थेमार्फतच द्यायचे ठरवले आहे" हे वाक्य त्यांच्या भाषेत पाठ करून जा. गरज खरी वाटली तर समन्वयकाला सांगा, त्या माणसाची परिस्थिती त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

मागणे म्हणजे मैत्री खोटी, असे मात्र समजू नका. जगात पुष्कळ ठिकाणी अडचणीत आपल्या माणसाकडे मागणे हे जवळिकीचे लक्षण धरतात. नकार देऊनही नाते राहते, उत्तर न देता गायब झालात तर राहत नाही.

वचने जपून द्या. "पुढच्या वर्षी नक्की येतो", "तुला आमच्याकडे बोलावतो" ही वाक्ये निरोपाच्या भरात सहज तोंडातून जातात आणि समोरचा ती खरी धरून बसतो. त्याला व्हिसा मिळणे तुमच्याइतके सोपे नसते, हेही ध्यानात असू द्या. त्यापेक्षा छोटे आणि पाळता येईल असे सांगा: महिन्याभरात छापील फोटो पाठवीन. आणि पाठवा. ज्या गावात फोटो फोनमध्येच राहतात तिथे कागदावरचा फोटो भिंतीवर लागतो.

रानजाई

शेवटचा प्रश्न. निघायचा दिवस कसा ठेवावा? बहुतेक ठिकाणी रात्री कार्यक्रम, रडारड आणि पहाटे बस, असेच दिसते.

ओळंबा

शेवटच्या दिवशी नवे बांधकाम अजिबात नको. सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. बाराव्या दिवशी तुम्ही बांधलेला थर एकोणिसाव्या दिवसापर्यंत ओला राहायला हवा, आणि तुम्ही तर चौदाव्या दिवशी जाणार. म्हणून शेवटच्या आठवड्यात बांधकाम कमी करत न्या आणि पाण्याची पाळी कुणाची, हे तारीख आणि नावासह कागदावर लिहून भिंतीजवळ लावा. उन्हाची बाजू गोणपाटाने झाका. पाणी लांबून आणावे लागत असेल तर पिंप भरून ठेवूनच निघा.

हत्यारे मोजा, धुवा, लोखंडाला तेलाचा हात फिरवा आणि यादीवर उस्तादाची सही घ्या. मापांची वही त्याच्याकडेच राहू द्या: फरम्याचे माप, पोत्याचे वजन, कोणत्या दिवशी किती थर. पुढच्या तुकडीला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. निरोपाचा कार्यक्रम आदल्या दिवशी दुपारी ठेवा, म्हणजे रात्र आपापल्या जोडीदाराच्या घरी शांतपणे जाते.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात "तुमची फार आठवण येते" असे सगळेच लिहितात, आणि दुसऱ्या महिन्यात लिहायला काही उरत नाही. तुम्ही कामाचे विचारा. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात चीर आली का, गिलावा सुरू झाला का, पावसात पाणी कुठून झिरपते. त्याला उत्तर द्यायला भिंतीपाशी जावे लागते, आणि तो फोटो काढून पाठवतो.